परदेशी निघताना बॅग सर्वांत शेवटी

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे एक लहानसे गाव आहे. तिथले अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली आपल्या धानाच्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या जपून बाजूला काढल्या, पुन्हा पुन्हा पेरून पाहिल्या आणि त्यातून बारीक, चवदार तांदळाचे एक वाण उभे राहिले. त्या काळी मनगटोमनगटी दिसणाऱ्या घड्याळावरून त्याला एचएमटी हे नाव पडले. दादाजी २०१८ च्या जूनमध्ये वारले. त्यांचा तांदूळ मात्र आज विदर्भाबाहेरही शिजतो.

हाच तांदूळ घेऊन दुबई गाठावी, असे नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, वडसा या पट्ट्यातल्या काही छोट्या राईस मिलवाल्यांच्या मनात आहे. दुबईला गल्फूड नावाचे खाद्यपदार्थांचे मोठे प्रदर्शन १९८७ पासून भरते. देशोदेशीचे खरेदीदार तिथे एका छपराखाली भेटतात. आमच्या नात्यातले दोघे जाऊन आले, आणखी काहीजण तयारीत आहेत. फॉर्म भरायचा, इंग्रजी पत्र वाचायचे, उर्दूतले जुने कागद लावून पाहायचे म्हटले की माणसे शाळेत शिकवणाऱ्यांकडे येतात, म्हणून ही मंडळी आमच्याकडे येतात. आल्या आल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, बॅग किती किलोची चालते? आम्ही म्हणतो, बॅग राहू द्या, आधी कागद काढा.

कागदांत पहिली अडचण नावाची. आपल्या समाजात ही फार जुनी दुखणी आहे आणि तिचे मूळ बहुधा शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात सापडते. पहिलीत नाव घालताना कुणीतरी 'मोहं.' लिहिले, दहावीच्या प्रमाणपत्रावर ते 'एमडी' झाले, आधारवर 'मोहम्मद' आणि पॅनवर 'मोहम्मद' गायबच. शेखचे इंग्रजी स्पेलिंग तर एका घरातल्या चार भावांचे चार प्रकारचे असते. गावात यावाचून कुणाचे अडत नाही. पण तिकीट, व्हिसा, बँक आणि फर्मचे कागद यांवरची अक्षरे पासपोर्टशी जुळली नाहीत की काउंटरवर माणूस अडतो. पासपोर्ट हाच पाया धरावा आणि बाकीचे कागद त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावेत. हे काम महिनोन्‌महिने चालते, प्रवास ठरल्यावर सुरू करून भागत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. पुष्कळ बहिणींच्या पासपोर्टवर नुसते एक नाव असते आणि आडनावाचा रकाना कोरा. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून अशा एकेरी नावाच्या पासपोर्टवर भेटीचा व्हिसा देणे थांबवले. वडिलांचे किंवा घराण्याचे नाव पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर असेल तर चालते, असा खुलासाही नंतर झाला. तरी ज्यांनी अजून पासपोर्ट काढलेलाच नाही त्यांनी दोन्ही रकाने भरूनच काढावा. बायको हिशेबात हुशार आहे, बोलणी करताना तिला सोबत नेतो, असे म्हणणारे एक गृहस्थ आम्हाला भेटले तेव्हा फार बरे वाटले. त्यांच्या बेगमचा पासपोर्ट पाहिला तर हीच गत होती. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक हवी, हेही वेळीच पाहावे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असा शेरा येतो. नोकरीसाठी जाताना त्याची वेगळी परवानगी लागते, व्यापाराच्या भेटीला लागत नाही. एजंट त्यावरून घाबरवून पैसे मागतात, त्यांना भीक घालू नये.

दुसरे कागद धंद्याचे. माल पाठवायचा तर आयात-निर्यात क्रमांक हवा. तो केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाकडून ऑनलाईन मिळतो, फी ५०० रुपये. तांदळासाठी अपेडा या संस्थेकडे नोंदणी लागते. हे सगळे असूनही सरकारचे धोरण पाहिल्याशिवाय तिकीट काढू नये. २० जुलै २०२३ रोजी केंद्राने बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, ती २०२४ च्या सप्टेंबरअखेर उघडली. एचएमटी त्यातच येतो. मधल्या चौदा महिन्यांत जो कुणी नमुने घेऊन फिरला असेल, त्याच्याकडे दाखवायला तांदूळ होता, विकायला नव्हता.

आता नमुन्याकडे वळू. सगळ्या तयारीत आम्हाला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मिलमध्ये नमुना काढायची एक पद्धत पडून गेली आहे. चांगल्या पोत्यातला चांगला तांदूळ घ्यायचा, सुपात पाखडून कणी काढायची, एकेक काळा दाणा वेचायचा, मग चकचकीत पिशवीत भरायचा. तो नमुना नसतोच, ती नवरीची मेहंदी झाली. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला, तर आत ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. तेव्हा आपण (स.) विचारले की मग ते ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? आणि फसवणारा आमच्यातला नाही, असे बजावले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. मुले ती आमच्याकडे तोंडपाठ म्हणतात. तिचा अर्थ मिलच्या गोदामात कळतो.

परदेशी खरेदीदार पिशवीतला तांदूळ हातावर घेऊन पाहतोच, पण सौदा आकड्यांवर होतो. कणी किती टक्के, पाच की पंचवीस? ओलावा किती? चौदा टक्क्यांच्या वर गेला तर समुद्रातल्या प्रवासात, बंद कंटेनरमध्ये बुरशी धरण्याची भीती. म्हणून नमुना काढताना पोत्यांच्या थप्पीतून वरचे, मधले, खालचे अशी वेगवेगळी पोती निवडावी, प्रत्येकात परखी खुपसून दाणे काढावे, सगळे एकत्र कालवावे आणि त्यातून किलो-किलोच्या पिशव्या भराव्या. प्रत्येक पिशवीवर वाण, हंगाम, कणी, ओलावा आणि फर्मचे नाव लिहावे. तशीच एक पिशवी मिलमध्ये सीलबंद ठेवावी, उद्या वाद झाला तर ताडून पाहायला. पिशव्या घट्ट बंद असाव्यात, सोंडे लागलेला दाणा एकही नसावा, आणि हा केवळ विनामूल्य नमुना आहे असे पत्र फर्मच्या लेटरहेडवर सोबत असावे. विक्रीचा माल पाठवताना रोग-किडीपासून मुक्त असल्याचे सरकारी प्रमाणपत्र लागते, ते प्रकरण वेगळे.

एवढे झाले की बॅग उघडायला हरकत नाही. आपल्या घरातून प्रेमाने जे भरले जाते, त्यातले बरेच काढावे लागते. सर्वांत धोक्याची खसखस. आपल्या मसाल्यात, हलव्यात ती असते, पण अमिरातीत आणि सौदीत ती अमली पदार्थात मोडते. तिची लहानशी पुडीदेखील माणसाला तुरुंगात नेऊ शकते. घरचा वाटलेला मसाला द्यायचाच असेल तर खसखस न घालता वेगळा वाटावा. कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रामाडॉलसारख्या गोळ्या तिथे नियंत्रित आहेत, पूर्वपरवानगीशिवाय नेऊ नयेत. बाकीची औषधे मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या त्यातल्या तेलामुळे पेट घेऊ शकतात, म्हणून विमानात अडवतात. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवायची, लोणच्याची बरणी मोठ्या बॅगेत. आणि आमच्या दोन्ही जिल्ह्यांतल्या पुरुषांसाठी खास सूचना, खर्रा आणि पान घरीच राहू द्यावे. दुबईच्या कस्टमच्या बंदीच्या यादीत पान आहेच, खर्रा खिशात सापडला तर त्याचे स्पष्टीकरण कोणत्या भाषेत देणार?

जंगलात राहणाऱ्यांना भेटवस्तूही जंगलातलीच सुचते. मोराची पिसे, हरणाचे गळून पडलेले शिंग. दोन्ही देशाबाहेर नेण्यास मनाई आहे, गळून पडलेले असले तरी. त्यापेक्षा बांबूची एखादी वस्तू न्यावी, नीट वाळवलेली आणि भुंगा न लागलेली. चंद्रपूर-मूल रस्त्यावर चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, आपल्या भागातल्या कितीतरी बायका बांबूच्या कामात हात बसवून आहेत. कपड्यांचे म्हणाल तर चंद्रपूरचा मे महिना ज्याने काढला त्याला दुबईच्या उन्हाचे काय! पण प्रदर्शनाच्या हॉलमधला एसी हाडे गोठवतो, तेव्हा एक स्वेटर टाकावा.

पैशांचा नियम सरळ आहे. भारतीय नोटा २५,००० रुपयांपर्यंतच बाहेर नेता येतात, परकीय चलन रोख ३,००० डॉलरपर्यंत, बाकीचे कार्डावर. येताना लेकीच्या लग्नासाठी सोने आणायचा मोह पुष्कळांना होतो. दागिन्यांवरची करमाफी एक वर्षाहून अधिक काळ परदेशात राहिलेल्यांना असते, आठ दिवसांच्या पाहुण्याला नसते. आणलेच तर विमानतळावर जाहीर करून कर भरावा.

नमाजचा हिशेब सोपा. हनफी मतानुसार पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर चार फर्जच्या जागी दोन. अमिरातीत १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुटी आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम असते, म्हणून भेटीच्या वेळा त्याप्रमाणे मागाव्यात. सिरोंचा-भामरागडकडून निघणाऱ्यांनी नागपूरला एक दिवस आधीच पोहोचावे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता विमानाची वेळ विचारत नाही.

आणि घर? पुरुष निघून जातो आणि मागे बेगमला ठाऊक नसते की कुणाचे किती देणे आहे. दारात हमाल मजुरीसाठी उभा, धानाचे पैसे मागायला शेतकरी आलेला, बँकेचा हप्ता कापला गेलेला, आणि ती म्हणते, ते आले की सांगतील. सूरह बकराची २८२ वी आयत, कुरआनातली सर्वांत मोठी आयत, उधारीचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. हजरत इब्ने उमर (रजि.) यांच्या रिवायतीत तर ज्याच्याकडे काही देण्यासारखे आहे त्याने वसीयत न लिहिता दोन रात्रीही काढू नयेत असे आले आहे. आपण मात्र प्रवासाच्या दुआ पाठ करतो आणि वहीकडे पाठ फिरवतो.

एक साधी शंभरपानी वही घ्यावी. पहिल्या पानावर बायकोचा बाकी राहिलेला महर लिहावा, कारण तेही कर्जच आहे आणि बहुतेक घरांत ते सर्वांत जुने कर्ज असते. पुढे शेतकऱ्यांची नावे आणि रकमा, मजुरी, वाहतूक, आपले येणे, कुणाची अमानत आपल्याकडे आहे ती, विमा, बँक खाती. व्हॉट्सॲपवरून दुबईतून मेसेज जातो, पण कॉल लागत नाही, तेव्हा रोज किती वाजता आणि कशावरून बोलायचे तेही त्यात लिहावे. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. मग दोघांनी बसून सगळी पाने एकदा मोठ्याने वाचावीत, जे कळले नाही ते तिने तिथेच विचारावे. झेरॉक्स बॅगेत टाकावी आणि मूळ वही तिच्या कपाटात ठेवावी.