बाळाची भूक आणि डब्यातील दूध

बाळाने बाटली अर्ध्यावर सोडली की घरात काळजी सुरू होते. दूध आवडले नसेल, पोट भरले नसेल, तब्येत बिघडली असेल, असे तर्क लढवले जातात आणि उरलेले दूध कसेबसे पाजण्याचा प्रयत्न होतो. नोकरीवर परतलेल्या आईला तर हा प्रश्न अधिकच छळतो. मात्र बाळ किती पिते आणि पुन्हा कधी मागते, हे केवळ त्याच्या हट्टावर ठरत नाही. बाटलीतील दूध कशापासून बनले आहे, यावरही ते अवलंबून असते, असे संशोधन सांगते.

दोन दुधांतील फरक

आईच्या दुधात दर १०० मिलिलिटरमागे सुमारे एक ग्रॅम प्रथिने असतात. गाईच्या दुधात तीन ग्रॅमहून अधिक. शिवाय गाईच्या दुधातील प्रथिनांत केसिनचा वाटा सुमारे ८० टक्के असतो. पोटातील आम्लामुळे केसिनची घट्ट गुठळी होते व ती सावकाश पचते. म्हणूनच डब्यातील दूध तयार करताना प्रथिनांचे प्रमाण कमी केले जाते, अनेक उत्पादनांत व्हे प्रथिनांचा वाटा वाढवला जातो, तसेच दुग्धशर्करा, वनस्पती तेले, जीवनसत्त्वे आणि खनिजे घातली जातात. तरीही आईचे दूध पोटातून लवकर पुढे सरकते. त्यामुळे अंगावर पिणाऱ्या बाळाला वरचेवर भूक लागते, तर डब्याचे दूध पिणाऱ्या बाळाच्या दोन वेळांत अंतर पडते. अंगावरचे बाळ वारंवार मागते म्हणजे आईचे दूध 'पुरत नाही', हा निष्कर्ष त्यामुळेच घाईचा ठरतो.

बाळाला हिशेब कळतो

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. सॅम्युअल फोमन आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात बाळांना पातळ व दाट अशी दोन प्रकारची दुधे देऊन पाहिली. सुमारे सहा आठवड्यांनंतर पातळ दूध पिणारी बाळे अधिक दूध पिऊन, तर दाट दूध पिणारी कमी पिऊन आपली ऊर्जेची गरज बऱ्याच अंशी साधत होती. त्याआधीच्या वयात मात्र ही जुळवाजुळव अपुरी होती.

घरी याचा अर्थ गंभीर आहे. डबा जास्त दिवस पुरावा म्हणून पावडर कमी घातली, तर अगदी लहान बाळ ती तूट भरून काढू शकत नाही आणि त्याची वाढ खुंटते. उलट 'अंग धरावे' म्हणून एक चमचा जास्त घातल्यास मूत्रपिंडांवर ताण येतो आणि शरीरातील पाणी कमी होण्याचा धोका संभवतो. डब्यासोबत मिळणारा मापाचा चमचा आणि त्यावर छापलेले पाण्याचे प्रमाण यांत आपल्या अंदाजाने बदल करू नये.

चवीचे गणित

गाईच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असलेल्या बाळांसाठी प्रथिनांचे बारीक तुकडे केलेले विशेष दूध मिळते. ते कडसर, आंबूस आणि उग्र वासाचे असते. फिलाडेल्फिया येथील मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरमधील ज्युली मेनेला व गॅरी बोशाँ यांच्या अभ्यासांत आढळले, की पहिल्या तीन-चार महिन्यांत सुरू केल्यास बाळे हे दूध सहज स्वीकारतात. त्यानंतर प्रथमच दिल्यास बहुतेक तोंड फिरवतात. सहाव्या महिन्यात डॉक्टरांनी दूध बदलले आणि बाळाने ते थुंकले, तर त्यात आईच्या पाजण्याचा दोष नसतो.

याच गटाने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे विशेष दूध पिणारी बाळे एका वेळी कमी दूध पिऊन तृप्त होत होती आणि त्यांचे वजनही नेहमीचे डब्याचे दूध पिणाऱ्या बाळांइतके झपाट्याने वाढत नव्हते. याचे एक कारण ग्लुटामेट असावे, असा संशोधकांचा कयास होता. हे अमिनो आम्ल आईच्या दुधात मुक्त स्वरूपात भरपूर असते, नेहमीच्या डब्याच्या दुधात अत्यल्प. २०१२ सालच्या अभ्यासात नेहमीच्या दुधात ग्लुटामेट मिसळल्यावर बाळे कमी दुधातच तृप्त झाली. अर्थात हा अवघ्या ३० बाळांचा अभ्यास होता, त्यामुळे त्यावरून अंतिम निष्कर्ष काढता येत नाही. अजिनोमोटो हे ग्लुटामेटचेच रूप असले, तरी ते घरी बाळाच्या दुधात घालण्याचा प्रयोग चुकूनही करू नये.

प्रथिनांचे प्रमाण हा आणखी एक मुद्दा. युरोपातील पाच देशांत झालेल्या चाचणीत पहिल्या वर्षी अधिक प्रथिनांचे दूध प्यालेल्या मुलांपैकी १० टक्के मुले सहाव्या वर्षी लठ्ठ आढळली. कमी प्रथिनांच्या गटात हे प्रमाण ४.४ टक्के होते. बाळसे लवकर धरणे म्हणजे आरोग्य, या समजुतीला हा निष्कर्ष छेद देतो.

पालकांनी काय करावे?

पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस कायम आहे. भारतात १९९२च्या कायद्यान्वये डब्याच्या दुधाची जाहिरात करण्यास बंदी असून, आईचे दूधच सर्वोत्तम, अशी सूचना डब्यावर छापणे बंधनकारक आहे. तरीही काही मातांना डब्याच्या दुधाचा आधार घ्यावाच लागतो. अशा वेळी अपराधीपणापेक्षा बाळाच्या खुणा ओळखणे उपयोगी ठरते. चोखणे मंदावणे, ओठ मिटणे, मान वळवणे, मुठी सैल पडणे या तृप्तीच्या खुणा होत. त्या दिसल्या की बाटली बाजूला करावी. उरलेले दूध पुढच्या वेळेसाठी न ठेवता टाकून द्यावे.

दिवसभरात सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल, बाळ तरतरीत असेल आणि वजन वयानुसार वाढत असेल, तर अर्धी राहिलेली बाटली काळजीचे कारण नाही. मात्र बाळ सलग दूध नाकारत असेल, मलूल दिसत असेल किंवा उलट्या, शौचावाटे रक्त, अंगावर चट्टे अशी लक्षणे असतील, तर डबा बदलून पाहत बसण्याऐवजी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. किती प्यायचे हे बाळाला बरेचसे ठाऊक असते. बाटलीत योग्य दूध योग्य प्रमाणात असावे, ही जबाबदारी मात्र मोठ्यांची आहे.