कावळा बसला आणि फांदी तुटली

दात घासून तुम्ही चूळ भरलीत आणि बेसिनमध्ये थोडं रक्त दिसलं, असं कधी झालंय का? बरेच जण म्हणतात, "ब्रश जरा जोरात लागला असेल." कधी कधी ते खरंही असतं. पण रोज रक्त येत असेल, तर हिरड्या दुखावल्या आहेत असं समजा.

आपल्या दातांवर रोज एक चिकट थर जमतो. त्यात असंख्य जीवाणू असतात. हा थर नीट काढला नाही, तर हिरड्या लाल होतात, सुजतात आणि त्यांतून रक्त येतं. या वेळी काळजी घेतली, तर त्या पुन्हा बऱ्या होतात. दुर्लक्ष केलं, तर दात आणि हिरडी यांच्यामध्ये फट पडते. दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं आणि शेवटी दात हलू लागतो.

आता एका विषाणूची ओळख करून घेऊ. त्याचं नाव एचपीव्ही. त्याचे शंभराहून जास्त प्रकार आहेत. काहींमुळे हातापायांवर साधी चामखीळ येते. पण काही प्रकारांमुळे, विशेषतः १६ नंबरच्या प्रकारामुळे, गर्भाशयमुखाचा किंवा घशाचा कॅन्सर होऊ शकतो. तोंडात हा विषाणू मुख्यतः लैंगिक संबंधातून पोचतो. बहुतेक लोकांचं शरीर त्याला एक-दोन वर्षांत स्वतःच हाकलून देतं. थोड्या लोकांच्या शरीरात मात्र तो मुक्काम ठोकतो.

मग हिरड्यांचा आणि या विषाणूचा काय संबंध?

२०१३ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातल्या संशोधकांनी हाच प्रश्न विचारला. त्यांनी ३० ते ६९ वर्षांच्या ३,४३९ लोकांची माहिती तपासली. या लोकांनी गुळण्या केल्या होत्या आणि त्या पाण्यात एचपीव्ही आहे का, हे पाहिलं गेलं होतं. "माझ्या तोंडाचं आरोग्य चांगलं नाही," असं सांगणाऱ्यांमध्ये एचपीव्हीचं प्रमाण ५६ टक्क्यांनी जास्त निघालं. हिरड्यांचा आजार असल्याचं सांगणाऱ्यांमध्ये ते ५१ टक्क्यांनी जास्त होतं.

इथे जरा थांबा. "५६ टक्क्यांनी जास्त" म्हणजे शंभरातल्या ५६ जणांना विषाणू आहे, असं नाही. समजा, एका गटात शंभरातल्या १० जणांना तो आहे. मग दुसऱ्या गटात तो साधारण १५-१६ जणांना असेल. इतकाच त्याचा अर्थ.

मराठीत एक म्हण आहे: कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. कावळा फांदीवर बसतो आणि त्याच क्षणी फांदी तुटते. बघणाऱ्याला वाटतं, कावळ्यानेच ती तोडली! पण फांदी आधीच वाळलेली असू शकते. दोन गोष्टी एकत्र दिसल्या, म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं ठरत नाही.

हिरड्यांचंही तसंच आहे. एक शक्यता अशी: एचपीव्हीला आत शिरायला त्वचेत बारीकशी जखम लागते. सुजलेल्या हिरड्यांमध्ये अशा जखमा असतात, म्हणजे विषाणूला दार उघडंच मिळतं. दुसरी शक्यता अशी: दोन्हींमागे तिसरंच कारण असेल. सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्या बिघडतात आणि त्यांच्या तोंडात एचपीव्हीही जास्त आढळतो. संशोधकांनी धूम्रपान आणि लैंगिक सवयी हिशेबात घेतल्या, तरी तोंडाचं खराब आरोग्य आणि विषाणू यांचा संबंध टिकून राहिला. पण लोकांची तपासणी एकदाच झाली होती. त्यामुळे आधी हिरड्या बिघडल्या की आधी विषाणू आला, हे त्यातून कळत नाही.

मग आपण काय करायचं? हिरड्यांतून रक्त आलं म्हणून कॅन्सरची भीती बाळगू नका. पण "मी रोज ब्रश करतो, मला एचपीव्ही होणारच नाही," असंही समजू नका. ही दोन वेगळी कामं आहेत.

हिरड्यांसाठी दिवसातून दोनदा दात घासा, दातांच्या फटी साफ करा आणि तंबाखूपासून लांब राहा. रक्त येतच राहिलं, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. विषाणूसाठी लस आहे. ती विषाणू शरीरात येण्याआधी घेतली, तर सगळ्यात चांगली काम करते. म्हणून ती अमेरिकेत ११-१२ व्या वर्षी आणि ब्रिटनमध्ये १२-१३ व्या वर्षी देतात, मुलींना आणि मुलांनाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही अशी एक लस बनवली आहे. तिचं नाव सर्वावॅक. तिला भारतात २०२२ साली मान्यता मिळाली. तुम्ही ही लस घेतली आहे का, ते आज आईबाबांना विचारा.

आणि पुढच्या वेळी कोणी म्हणालं, "हे झालं म्हणूनच ते झालं," तर त्या कावळ्याची आठवण ठेवा. फांदी आधीच वाळलेली नव्हती ना, हे आधी बघा!