बालकांतील मधुमेह : स्थूलतेपलीकडील कारणे

मधुमेहाच्या पहिल्या प्रकारात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते. दुसऱ्या प्रकारात इन्शुलिन निर्माण होते, परंतु स्नायू व यकृत त्यास पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. वाढती मागणी पुरविता पुरविता त्या पेशी क्षीण होतात. हा प्रकार पूर्वी प्रौढांचा मानला जाई. आता तो मुलांतही आढळतो, आणि तोही बहुधा वयात येण्याच्या सुमारास. कारण त्या वयात इन्शुलिनचा प्रभाव स्वभावतःच काहीसा मंदावतो.

आईवडिलांचा मधुमेह, गरोदरपणी मातेची वाढलेली रक्तशर्करा, स्थूलता आणि शरीरश्रमांचा अभाव ही त्याची सुपरिचित कारणे होत. तथापि आपल्याकडील स्थितीचा उलगडा एवढ्याने होत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळील सहा खेड्यांत मातांच्या पोषणाचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम, तर इंग्लंडातील साउदॅम्प्टन येथील बालकांचे सुमारे ३.५ किलोग्रॅम भरले. मात्र ही न्यूनता सर्वत्र सारखी नव्हती. स्नायू व पोटातील अवयव लहान होते. पाठीच्या त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून होता. दिसण्यात कृश असलेले बालक रचनेने मेदयुक्त होते. ही मुले सहा वर्षांची झाली तेव्हा, ज्यांच्या मातांच्या रक्तात गरोदरपणी ब-१२ जीवनसत्त्व कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्यात इन्शुलिनला होणारा विरोध सर्वाधिक आढळला. एवढ्यावरून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही. पण जोखमीचा आरंभ जन्मापूर्वी होतो, या मतास बळकटी मिळते.

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या अकोटच्या दृष्टीने हा विचार महत्त्वाचा आहे. शेजारच्या मेळघाटात चिंतेचा विषय आहे तो बालकांच्या कुपोषणाचा. मधुमेह हे त्याच्या विरुद्ध टोक समजले जाते. वस्तुतः एकाच आयुष्यात ही दोन्ही टोके जुळू शकतात. कमी वजनाने जन्मलेले मूल पुढे विपुल अन्न, गोड पेये व बैठे जीवन यांमुळे झपाट्याने वजन वाढवू लागले, की धोका बळावतो.

म्हणून शालेय तपासणीत केवळ वजन पाहून भागणार नाही. जन्मवजन, कंबरेचा घेर आणि मातेचा मधुमेह यांचीही नोंद हवी. मानेवरील काळसर, जाडसर त्वचा पुष्कळदा मळ समजून घासली जाते. ती इन्शुलिन-विरोधाची खूण असू शकते. आणि प्रतिबंधाचा खरा आरंभ मुलाच्या ताटापाशी नव्हे, तर उद्या माता होणाऱ्या मुलीच्या ताटापाशी करावा लागेल.