मोहोराचे दिवस, पाहुण्यांचे दिवस

मेसईदला राहत असाल तर फेब्रुवारीतली रात्र तुमच्या ओळखीची आहे. सीलाइनच्या वाळूत तंबू ठोकलेले असतात, पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो आणि अंगावर जाकीट चढतं. कोकणातल्या हापूसच्या झाडालाही अशीच गार, कोरडी रात्र हवी असते. पण समुद्राकाठच्या कोकणात ती हवी तेव्हा आणि हवी तितकी मिळेलच, असं नाही.

आपल्यातले बरेच जण लग्नाला किंवा शिमग्याला गावाकडे गेले की किनाऱ्यावरच्या एखाद्या वाडीत खोली घेऊन दोन रात्री राहून येतात. दारात नारळ-सुपारी, मागे आंब्याची कलमं, ताटात गरम घावन. पाहुण्याला सगळं कसं निवांत वाटतं. त्या घरासाठी मात्र हेच आठवडे वर्षाची कमाई ठरवणारे असतात. का, ते समजून घेऊ.

पावसाळा सरला आणि रात्री गार पडू लागल्या की हापूसच्या जून फांद्यांवर पालवीऐवजी मोहोर फुटतो. एका तुऱ्यात शेकडो, कधी हजारांवर फुलं असतात. त्यातली बहुतेक नर. फळ धरतं ते फक्त द्विलिंगी फुलांतून, आणि तेही माश्या-मधमाश्यांनी परागीभवन केलं तर. धरलेल्या फळांतलीही बहुतेक लहानपणीच गळतात. म्हणून झाड मोहोराने भरलेलं पाहून ‘यंदा आंबा भरपूर!’ असं बागायतदाराला म्हणालात, तर तो नुसता हसेल.

कारण पुढे तीन-चार महिन्यांची वाट असते. हवा ढगाळ झाली की तुडतुडे वाढतात. ते मोहोरातला रस शोषतात आणि चिकट द्रव सोडतात, त्यावर काळी बुरशी चढते. शिवाय भुरी आहे, अवेळी पाऊस पडला तर करपा आहे. त्यामुळे फवारण्यांवर फवारण्या, आणि औषध-मजुरीचा खर्च आंबा हातात येण्याआधीच होऊन बसतो.

मग थंडी जितकी जास्त तितकं चांगलं का? तसंही नाही. थंडी लांबली तर वाटाण्याएवढ्या, सुपारीएवढ्या कैऱ्या असलेल्या फांदीलाच पुन्हा मोहोर येतो. झाडाचं अन्न त्या नव्या मोहोराकडे वळतं आणि आधीच्या कैऱ्या गळतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने यावर जिबरेलिक ॲसिडच्या फवारणीची शिफारस केली आहे. उलट मार्चमध्ये ऊन एकदम तापलं तरी गळ होतेच. थोडक्यात, थंडी कमी पडली तर मोहोर नाही, जास्त झाली तर पुनर्मोहोर, अचानक गेली तर फळगळ. त्यात हापूसचा स्वभावच असा की एका वर्षी भरभरून येतो आणि पुढच्या वर्षी हात आखडता घेतो.

आता त्या खोल्यांकडे पाहा. हौस असेल, पण त्या बांधण्यामागे हा हिशेबही आहे. पर्यटन महामंडळाची ‘निवास व न्याहारी’ योजना जुनी आहे. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला तर वेगळीच वाट सापडली. तिथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला घेतली, २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला, आणि पिल्लं समुद्रात जाताना पाहायला येणारे लोक गावातल्या घरांमध्येच उतरू लागले. गंमत म्हणजे तिथेही सूत्र तापमानाच्याच हाती. वाळू किती उबदार, यावर पिल्लं कधी बाहेर येणार ते ठरतं. पाहुण्याच्या सुट्टीशी कासवाला काही देणंघेणं नसतं.

पण हे जोडउत्पन्न फुकट मिळत नाही. काजूच्या बिया वेचायच्या असतात तेव्हाच पाहुण्यांचं जेवणही रांधायचं असतं, आणि बऱ्याच घरांत दोन्ही कामं बायकांच्याच वाट्याला येतात.

म्हणून जाण्याआधी फोनवर दोन गोष्टी विचारा: फवारणी कोणत्या दिवशी आहे, आणि जेवणाचं किती आधी सांगू? फेब्रुवारीत पिकलेला हापूस मागू नका. चांगला बागायतदार फळ चौदा आणे तयार झाल्याशिवाय झाडावरून उतरवत नाही, आणि त्यानंतरही ते अढीत पिकावं लागतं.

आणखी एक. ‘यंदा आंबा नाहीच हो’ असं उत्तर आलं, तर बेत रद्द करू नका. आंबा दगा देतो त्या वर्षीच खोलीच्या भाड्याची त्या घराला सगळ्यात जास्त गरज असते.