काळा चबुतरा, काळी जमीन

छत्रपती संभाजीनगरचा क्रांती चौक आज शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यामुळे आणि जालना रस्त्यावरील अखंड वर्दळीमुळे ओळखला जातो. परंतु या जागेचे जुने नाव ‘काळा चबुतरा’ असे होते, आणि चबुतरा म्हणजे उंच बांधलेला ओटा. १८५७ च्या जून महिन्यात हैदराबाद कंटिंजंट या, नावाने निजामाच्या पण हुकमतीने इंग्रज अधिकाऱ्यांच्या असलेल्या फौजेतील पहिल्या घोडदळाने येथील छावणीत उठाव केला, पुण्याकडून जनरल वुडबर्नची फौज चालून आल्यावर तो मोडून काढण्यात आला, आणि पकडलेल्या शिपायांपैकी कोणाला फासावर चढवले, कोणाला गोळ्या घातल्या, तर कोणाला तोफेच्या तोंडी दिले. त्या देहदंडांची आठवण शहराने या चबुतऱ्याशी जोडून ठेवली. ‘काळा’ या विशेषणात मराठी माणसाला येथे दगडाचा रंगही ऐकू येतो आणि त्या दिवसांचा शोकही. एका लहानशा शब्दाला ही दोन्ही ओझी कशी पेलतात, हे पाहण्यासारखे आहे.

भारतीय काव्यशास्त्राने अशा शब्दांचा उलगडा फार पूर्वी केलेला आहे. शब्दाचा सरळ, रूढ अर्थ देणारी शक्ती म्हणजे अभिधा. आणि तो सरळ अर्थ वाक्यात जुळेनासा झाला की त्याच्याशी नाते असलेला दुसरा अर्थ पुढे आणणारी शक्ती म्हणजे लक्षणा. ‘काळा घोडा’ म्हणताना अभिधेने काम भागते, पण ‘काळा बाजार’ म्हणताना भागत नाही, कारण बाजाराला रंग नसतो. तेथे अंधार आणि लपवाछपवी यांचे नाते मदतीला येते, आणि सततच्या वापराने तो अर्थ इतका रुळतो की रंगाची आठवणही कोणाला होत नाही. ‘काळे पाणी’ हे असेच. उठावानंतर लगेच, १८५८ मध्ये, अंदमानात कैद्यांची वसाहत सुरू झाली. तेथील समुद्र निळाच होता, पण घरदार, जात आणि परतीची वाट तोडणाऱ्या त्या शिक्षेला भाषेने काळा रंग दिला.

मात्र या विशेषणाचे सगळेच लाक्षणिक अर्थ अशुभ आहेत, असे समजणे मोठी चूक ठरेल. ‘काळ्या दगडावरची रेघ’ हा वाक्प्रचार शब्दाच्या खरेपणाची ग्वाही देतो, आणि तो समजण्यासाठी महाराष्ट्राचा दगडच पाहावा लागतो. दख्खनच्या पठारावर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर पसरले आणि थिजून त्यांचा बेसाल्ट झाला. वेरूळचे कैलास लेणे याच दगडात कोरलेले आहे आणि घरोघरचे जाते, पाटा आणि वरवंटाही त्याचेच. या दगडावर छिन्नी चालली की प्रथम फिकट, करडी रेघ उठते, पुढे तिचा रंग भोवतालच्या दगडात मिसळतो, पण खाच तशीच राहते. ज्या समाजाने हे रोज पाहिले, त्याला न बदलणाऱ्या वचनासाठी दुसरी उपमा शोधावी लागली नाही.

हाच दगड झिजून, कुजून मराठवाड्याची जमीन झाली, आणि तेथे तर या विशेषणाने आपले नाम टाकून दिले. जुन्या मराठी कागदपत्रांत गावाचे दोन भाग येतात, ‘काळी’ आणि ‘पांढरी’: काळी म्हणजे कसण्याची जमीन, पांढरी म्हणजे घरांची वस्ती. ‘जमीन’ हा शब्द म्हणण्याची गरजच उरली नाही. विशेषणच नाम झाले. ही माती काळी दिसते म्हणून तिच्यात कुजलेला पालापाचोळा भरपूर असेल असे वाटते, पण तो बेताचाच असतो. रंग येतो तो बेसाल्टमधील लोहयुक्त खनिजांमुळे आणि चिकणमातीशी एकजीव झालेल्या थोड्याशा सेंद्रिय अंशामुळे. ती चिकणमाती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते, त्यामुळे पावसाळ्यात ती बैलाच्या खुराला लोळागोळा होऊन चिकटते, तर वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. धरलेली ओल ती सहज सोडत नाही, आणि म्हणूनच कोरडवाहू शेतकरी तिच्या भरवशावर रब्बीची ज्वारी पेरतो. ‘काळी आई’ म्हणतात ती याच मातीला.

इतके वैभव असलेले विशेषण माणसाच्या कातडीला लावताना मात्र समाज ते खालच्या सुरात उच्चारतो, याचे दुःख वाटल्याशिवाय राहत नाही. स्थळ पाहताना मुलीला ‘काळी’ म्हणण्याचे टाळून ‘सावळी’ किंवा ‘गव्हाळ’ म्हटले जाते. म्हणजे शब्द सौम्य होतो, पण त्यामागचा नकार तसाच राहतो. ‘तोंड काळे करणे’ या वाक्प्रचारात रंगालाच अब्रूचा शत्रू ठरवलेले आहे. त्याच समाजाचे आराध्य दैवत पंढरीचा काळा विठ्ठल आहे, सौभाग्याचे मणी काळे आहेत, बाळाची दृष्ट टाळणारी तीट काळी आहे, आणि एरवी शुभकार्यात वर्ज्य मानलेले काळे वस्त्र मकरसंक्रांतीला कौतुकाने नेसले जाते. त्या दिवशी नव्या सुनेच्या अंगावर काळी चंद्रकळा असते, तिच्यावर हलव्याचे पांढरे दागिने उठून दिसतात, आणि घरातली कोणतीही वडीलधारी बाई त्या काळ्या रंगाला नाव ठेवत नाही.