बिलाच्या पावतीवरचा उमेदवार

मामांच्या उसाला त्या साली तुरा आला. जानेवारी संपत आली तरी तोडणीची चिठ्ठी नव्हती. शेजारच्या रानातला, मामांच्या मागाहून महिन्यानं लावलेला ऊस ट्रॉलीत भरून कधीच गेला होता. मामा बांधावर उभे राहून ते पांढरे तुरे बघत होते. ऊस तुऱ्यावर गेला की आतून पोकळ पडत जातो, वजन घटतं, आणि घटलेल्या वजनाची भरपाई कुणी देत नाही.

कारण गावाला ठाऊक होतं. कारखान्याच्या वार्षिक सभेत मामांनी उभं राहून एकच प्रश्न विचारला होता: भरलेल्या ट्रॉलीचं बाहेरच्या काट्यावरचं वजन आणि आपल्या काट्यावरचं वजन यांत फरक का पडतो? उत्तर मिळालं नाही. चहा मिळाला, सभासदाची साखर मिळाली, आणि हंगामात चिठ्ठी लांबली. तोडणीच्या चिठ्ठ्या वाटणारा कारखान्याचा चिटबॉय रोज दारावरून जायचा आणि म्हणायचा, "तात्या, टोळ्या कमी हाईत ह्या साली."

हे आधी सांगायला हवं, कारण उसाच्या दरासाठी आंदोलन करणारे राजू शेट्टी निवडून आले कसे हे विचारायला बाहेरून जे पत्रकार यायचे, त्यांना शिरोळ तालुक्यात सरळ उत्तर क्वचितच मिळायचं. पारावर बसलेली माणसं "बघू की, अजून काय ठरलं न्हाई" म्हणून विषय दुधाच्या फॅटवर न्यायची. पत्रकारांना वाटायचं, वारं नाही. ज्याच्या रानात ऊस उभा आहे तो तोंडानं पाठिंबा देत नाही, एवढं साधं होतं ते.

ऊस लावायला सेवा सोसायटीचं कर्ज, तोडायला कारखान्याची टोळी, वजनाला कारखान्याचा काटा, पैसे कारखान्याच्या सोयीच्या बँकेत, आणि हातात पडण्याआधी सोसायटीची वसुली परस्पर कापलेली. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर 15 टक्के व्याज द्यायचं. हा आदेश मामांनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यांचं वय पन्नाशीच्या पुढं होतं आणि ऊस लावून तीस वर्षं झाली होती. सोसायटीची, बँकेची, कारखान्याची संचालक मंडळं त्याच त्या घरांतली, आणि आमदार-खासदारही तिथलेच. अशा मुलखात ज्याच्याकडे कारखाना नाही, सूतगिरणी नाही, शाळा-कॉलेजसुद्धा नाही, तो माणूस उमेदवार म्हणून 'बाहेरचा'च. शेट्टी याच तालुक्यातले, शेतकऱ्याच्या घरातले, तरी या अर्थानं बाहेरचे.

मामांनी त्यांचं नाव पहिल्यांदा भाषणात ऐकलं नाही आणि पोस्टरवरही पाहिलं नाही. ते ऐकलं काट्यापुढच्या रांगेत. हंगामात ट्रॅक्टरची रांग रात्रभर हलत नाही. ड्रायव्हर ट्रॉलीखाली गोणपाट टाकून झोपतात, कुणी उसाचा पाला पेटवून शेकत बसतं, आणि त्या शेकोटीभोवती चार कारखान्यांच्या बातम्या एकत्र येतात. कुणाची टोळी पळाली, कुणाचा साखर उतारा किती, कोण पहिली उचल, म्हणजे पहिला हप्ता, किती देतो. अशाच एका रात्री एक ड्रायव्हर म्हणाला, नदीपलीकडच्या कारखान्यानं टनाला शंभर वाढवलं. का वाढवलं? तर शेट्टीनं गाड्या अडवल्या म्हणून.

मामांनी जागच्या जागी हिशेब केला. तीन एकर, एकरी चाळीस टन धरले तर एकशेवीस टन. टनाला शंभर म्हणजे 12 हजार. घरी येऊन मामींना सांगितलं. मामी चुलीपुढनं न उठता म्हणाल्या, "मग ते आपल्याला कवा मिळायचं?"

माझ्या मते या भागातला एक मतदार नव्या माणसाकडे वळला तो इथं, या प्रश्नावर. बाकीचं पुढं होत गेलं. राजकारणावरच्या लेखांत करिष्मा, लाट, असंतोष असे शब्द येतात. मी बघितला तो टनाचा गुणाकार.

पण वळणं सरळ झालं नाही. पुढच्याच हंगामात कुठल्याशा संघटनेच्या पोरांनी मामांचीच ट्रॉली अडवली आणि टायरची हवा सोडली. तोडलेला ऊस दोन दिवस रस्त्यावर वाळला. वाळला म्हणजे वजन गेलं. मामांनी त्या पोरांना आणि झाडून सगळ्या शेतकरी नेत्यांना ज्या शिव्या घातल्या, त्या इथं छापता येणार नाहीत. पुढं दर वाढून बिल आलं. मामांनी वाळून गेलेल्या वजनाचे पैसे आणि वाढलेल्या दराचे पैसे पाटीवर समोरासमोर मांडले. वाढ जास्त भरली. शिव्या थांबल्या. कौतुक मात्र अजूनही नव्हतं.

मग आली शेट्टींची ऊस परिषद. गाळप सुरू होण्याच्या तोंडावर जयसिंगपूरच्या विक्रमसिंह मैदानावर ती दरवर्षी भरते आणि यंदा पहिली उचल किती मागायची तो आकडा तिथं जाहीर होतो. पहिल्या वर्षी मामा मैदानाच्या कडेला सायकल हातात धरून उभे राहिले. कुणी पाहिलंच, तर बाजाराला आलो होतो म्हणायची सोय. दुसऱ्या वर्षी सायकल स्टँडला लावली. तिसऱ्या वर्षी मी सोबत होतो; मामा पुढच्या रांगांत मांडी घालून बसले आणि टोपी गुडघ्यावर ठेवली. व्यासपीठावरचा आवेश त्यांना फारसा रुचत नव्हता. भाषणं चालू असताना ते शेजाऱ्याशी रोपांबद्दल बोलत होते. आकड्याच्या वेळी मात्र अख्खं मैदान गप्प झालं. आकडा ऐकला, आणि निम्मं मैदान तेवढ्यावर उठलंसुद्धा.

येताना मामांनी चळवळीचा लाल बिल्ला घेतला. छातीवर लावला नाही. सोसायटीच्या पासबुकामागं, आतल्या खिशात ठेवला. तो तिथं दोन वर्षं होता.

त्याआधीच शेट्टी 2002 मध्ये जिल्हा परिषदेत गेले होते. 2004 मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेतून बाहेर पडून त्यांनी स्वाभिमानी शेतकरी संघटना काढली आणि त्याच वर्षी शिरोळमधून अपक्ष आमदार झाले. या पायऱ्यांचं महत्त्व मला उशिरा कळलं. जिल्हा परिषदेच्या मताला धोका कमी असतो; माणूस बोटभर पाणी बघतो, मग पाय टाकतो. मामांचं पहिलं मत तसलंच होतं. ते त्यांनी मामींनाही सांगितलं नव्हतं. पुढं कळलं की मामींनीही तिथंच दिलं होतं आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं.

2009 ची लोकसभा वेगळी होती. पुनर्रचनेत इचलकरंजी मतदारसंघ जाऊन हातकणंगले आला: कोल्हापूर जिल्ह्यातले शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी, शिरोळ आणि सांगलीतले इस्लामपूर, शिराळा. समोर राष्ट्रवादीच्या निवेदिता माने, दोनदा खासदार झालेल्या. सासरे बाळासाहेब माने तर पाच वेळा खासदार. या सगळ्यापुढं शेट्टींनी मतदारांकडं दोन गोष्टी मागितल्या: एक नोट आणि एक व्होट.

निवडणुकीत पाकीट उमेदवाराकडून मतदाराकडं जातं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. ते उलटं फिरलेलं बघणं गमतीचं होतं. आमच्या गावात संध्याकाळी जीप आली. देवळापुढं उपरणं पसरलं. कुणी दहा टाकले, कुणी पन्नास. एका म्हातारीनं कनवटीची घडी सोडली, दहाची नोट काढली, दोनदा उलटसुलट करून बघितली आणि टाकली. नंतर जीपमधल्या पोराला बजावलं, "माझी हाय त्यात. इसरू नगंस." मामांनी शंभर टाकले. चिटबॉय तिथंच उभा होता. मामांनी त्याच्याकडं बघितलं, त्यानं मामांकडं, आणि त्यानंही खिशात हात घातला.

दुसऱ्या दिवसापासून गावाची भाषा बदलली. ज्यांनी दहा रुपये टाकले ते आता प्रचाराला आलेल्यांना उलट प्रश्न विचारायला लागले, बूथवर कोण बसणार, म्हाताऱ्यांना कोण नेणार. पैसे घातले होते ना त्यांनी. दूध संस्थेच्या रांगेत पहाटे किटली हातात धरून बायका एकमेकींना विचारत होत्या, "तुझी किती गेली?" मताचं कुणी विचारत नव्हतं, नोटेचं विचारत होते, आणि त्यातून मत आपोआप कळत होतं. बिल्ला मामांनी खिशातून काढून सदऱ्याला लावला तो याच आठवड्यात. पिन गंजली होती.

उसाचं कांडंही ज्यांच्या नावावर नाही त्यांचं काय, हा प्रश्न मला छळत होता. म्हणून एक दिवस इचलकरंजीला गेलो. यंत्रमागाच्या खडखडाटात बोलायचं म्हणजे कानाशी तोंड न्यावं लागतं. एका जॉबरनं मागावरची नजर न काढता सांगितलं, "मेहुणा शेतकरी हाय. त्याचं बिल वाढलं की दिवाळीला बहिणीकडनं कापड येतं." बस. पुढचं त्याला बोलायचं नव्हतं, तार तुटली होती.

शेट्टी सुमारे 95 हजार मतांनी आले. त्याच वर्षी वैधानिक किमान किमतीच्या जागी एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, आली. 2008-09 ला क्विंटलला 81.18 रुपये असलेला केंद्राचा दर 2009-10 ला 129.84 झाला, उताऱ्याचा पायाही 9 वरून साडेनऊ टक्के. यात साखरेच्या तेजीचा वाटा केवढा आणि आंदोलनांचा केवढा, यावर मी अर्थशास्त्राच्या माणसांचे वाद ऐकले आहेत. मामांनी तो वाद घातला नाही. पावती आली, ती खिळ्याला अडकवली.

2014 मध्ये शेट्टी भाजप-शिवसेनेच्या बरोबर होते. समोर काँग्रेसचे कल्लाप्पाण्णा आवाडे, हुपरीचा जवाहर कारखाना उभारणारे. फरक पावणेदोन लाखांच्या पुढं गेला. मला वाटतं, ओहोटी त्यानंतरच लागली. 2019 ला शेट्टी काँग्रेस-राष्ट्रवादीच्या आघाडीत गेले. म्हणजे ज्यांच्या काट्यापुढं मामा रात्र रात्र बसले, त्यांतले बरेच जण आता एकाच व्यासपीठावर. निवेदिता मानेंचे चिरंजीव धैर्यशील शिवसेनेतर्फे उभे होते, ते सुमारे 96 हजारांनी आले. वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवारानं लाखावर मतं घेतली. जातीचं गणित झालं, देशभरची हवा होती, सगळं खरं. मामांना विचारलं तर म्हणाले, "त्या स्टेजवर कोण कोण बसलं हुतं, मी मोजलं."

"मग मत?"

"आता ते कशाला विचारतोस?" पुन्हा बांधावरच्या उसाकडं बघत. म्हणजे पुन्हा जुनी सवय.

2024 ला शेट्टी स्वबळावर उभे राहिले आणि तिसरे आले. त्या वर्षी पावसाळा संपल्यावर मी गावी गेलो, तर मामा घरात नव्हते. मामी म्हणाल्या, जयसिंगपूरला गेल्यात, परिषदेला. मी चकित झालो. "पण मत तर—"

"मत येगळं," मामी म्हणाल्या. "दर कोण सांगणार?"

अंधार पडल्यावर मामा आले. आता सायकल नाही, धाकट्याच्या गाडीवरून. हातपाय धुतले, चष्मा शोधला, भिंतीवरचं कालनिर्णय उलटं केलं. मागच्या बाजूला दुधाचा हिशेब होता, त्याखाली पेन्सिलीनं परिषदेचा आकडा लिहिला. गेल्या वर्षीचं पान काढून ठेवलेलं होतं, ते शेजारी धरलं आणि वजाबाकी करायला बसले.