दादा-ताईंच्या पावलावर पाऊल

पहाटेचे पाच-साडेपाच वाजले की बुलडाणा, चिखली, मेहकर, खामगावातून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर तरुणांचे घोळके धावताना दिसतात. ही पोलीस भरतीची तयारी. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर, शिवाय शंभर मीटरची धाव आणि गोळाफेक, अशी ५० गुणांची मैदानी चाचणी त्यांच्यापुढे असते. या घोळक्यांच्या मागे अनेकदा दोन-चार शाळकरी पोरेही पळत असतात. त्यांच्या भरतीला अजून सात-आठ वर्षांचा अवकाश असतो आणि व्यायामाचे महत्त्व त्यांना कोणी समजावून सांगितलेले नसते. गल्लीतला दादा पळतो म्हणून तीही पळतात, एवढेच. किशोरवयीनांना आहार-विहाराची गोडी लावण्यासाठी आज जे प्रयोग जगभर होत आहेत, त्यांचे सूत्र या साध्या दृश्यात सापडते.

या प्रयोगांची गरज आकडेवारीवरूनच स्पष्ट होते. केंद्र सरकारने २०१६ ते २०१८ या काळात केलेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातील २४ टक्के मुले-मुली कृश आढळली, तर पाच टक्के अतिवजनाची. रक्तक्षयाचे प्रमाण २८ टक्के होते. म्हणजे उपासमार आणि अतिआहार या दोन्हींचे परिणाम एकाच पिढीत शेजारी शेजारी नांदत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते या वयात रोज किमान ६० मिनिटे दमछाक करणारी हालचाल व्हायला हवी. संघटनेच्याच २०१६ च्या आकड्यांनुसार भारतातील ११ ते १७ वर्षांची सुमारे ७४ टक्के मुले तेवढी हालचाल करीत नाहीत.

आता हे मुलांना सांगायचे कोणी? आईवडिलांचे बोलणे या वयात कटकट वाटते आणि शिक्षकांचे परीक्षेपुरते उरते. चार-पाच वर्षांनी मोठ्या असलेल्या दादाचे किंवा ताईचे मात्र मुले ऐकतात, त्याहीपेक्षा त्यांचे वागणे न्याहाळतात. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात याच तत्त्वावर प्राथमिक शाळांत उपक्रम राबवण्यात आला. वरच्या वर्गातील मुलांनी शिक्षकांकडून धडा शिकायचा आणि तो खालच्या वर्गातील आपल्या जोडीदाराला खेळातून शिकवायचा, अशी त्याची रीत. २०१४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. धाकट्या मुलांची आहाराविषयीची समज वाढली, कमरेचा घेर इतर शाळांच्या तुलनेत घटला. मात्र वजन-उंचीच्या निर्देशांकात फरक पडला नाही. चमत्कार घडला नाही, हे मान्य करूनही एका शालेय वर्षात आणि फारशा खर्चाविना झालेला हा लाभ दुर्लक्षिण्याजोगा नाही.

आपल्याकडेही कागदावर ही व्यवस्था आहेच. जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात पोषणाला अग्रक्रम देण्यात आला. गावातील १५ ते १९ वर्षांची दोन मुले आणि दोन मुली निवडून त्यांनी समवयस्कांचे गट चालवावेत, अशी त्यात कल्पना आहे. त्यांना ‘साथिया’ असे नाव मिळाले. पुढे २०२० मध्ये आयुष्मान भारतअंतर्गत शालेय आरोग्य कार्यक्रम आला. त्यात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षक आरोग्यदूत आणि प्रत्येक वर्गातील दोन विद्यार्थी त्यांचे संदेशवाहक ठरवण्यात आले. योजनेची मांडणी निर्दोष आहे. पण संदेशवाहकाने भिंतीवर घोषवाक्य लिहिले आणि नोंदवहीत तासिका भरली, की काम संपले असे होऊ लागले, तर त्या दादाच्या मागे कोणी पळणार नाही.

विदर्भाला ही कल्पना नवीन वाटण्याचे कारण नाही. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या हनुमान आखाड्यातून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. जुन्या आखाड्यांत वस्ताद केवळ डावपेच शिकवीत नसे. पोरगा रात्री केव्हा झोपतो, काय खातो, कोणाच्या संगतीत असतो, यावर त्याची नजर असे. आणि वस्तादाच्या हाताखाली जुने पठ्ठे नव्यांना माती उकरण्यापासून जोर काढण्यापर्यंत सारे शिकवीत.

बुलडाण्याच्या धनुर्विद्येतही हेच घडले. पोलीस दलातील प्रशिक्षक चंद्रकांत इलग यांच्या मार्गदर्शनाखाली येथे तिरंदाज घडले. प्रथमेश जावकार याने २०२३ मध्ये शांघाय येथील विश्वचषक स्पर्धेत वैयक्तिक सुवर्णपदक पटकावले आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण मिळवणाऱ्या भारतीय संघातही तो होता. अशा पदकांचा खरा उपयोग नंतर होतो. मोठ्या शहरात न जाताही हे जमते, याचा पुरावा धाकट्यांना आपल्याच गावात दिसतो.

मैदानाचा प्रश्न असा सुटला तरी ताटाचा प्रश्न अधिक अवघड आहे. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, मुगाचे वरण, मोड आलेली मटकी, शेंगदाणे आणि गूळ हे या जिल्ह्याच्या घराघरांतले खाणे. सोयाबीन येथे एकरांनी पिकते, पण ते थेट बाजारात जाते. शाळेच्या वाटेवर मात्र पाच-दहा रुपयांची चटपटीत पाकिटे लटकत असतात. शाळेच्या प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत अतिमेद, अतिसाखर आणि अतिमिठाचे पदार्थ विकू नयेत, असा नियम २०२० मध्ये करण्यात आला. तो पाळला जातो की नाही, हे कोणत्याही शाळेसमोर मधल्या सुटीत उभे राहिल्यास कळते. अशा वेळी ताईने स्वतःच्या डब्यातून भाकरी-चटणी खाणे पाकिटावरच्या व्याख्यानाहून अधिक परिणाम करते. लोहाची गोळी घेतल्यावर लगेच चहा पिऊ नये, जेवणात लिंबू पिळावे, या गोष्टीही तिच्याकडून सहज पोहोचतात.

अर्थात दादाचे सारेच बरोबर असते असे नाही. भरतीच्या नादात प्रथिनांच्या महागड्या भुकट्या घेणारे तरुण थोडे नाहीत. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्नायू कमावण्यासाठी अशा भुकट्या टाळण्याचाच सल्ला दिला आहे. त्यामुळे मार्गदर्शकालाही आधी शिकवावे लागते. धाकट्यांच्या जाडी-बारीकपणावर शेरा मारायचा नाही आणि चक्कर येणाऱ्या मुलीला उपचार न सांगता आरोग्य केंद्रात न्यायचे, एवढे तरी त्याच्या मनावर ठसायला हवे. ‘भरपूर पाणी प्या’ हा साधा सल्लासुद्धा पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, शेगाव-संग्रामपूरच्या बाजूला, कोणते पाणी हे विचारल्याशिवाय देता येत नाही.

सल्ला माणसागणिक बदलतो, तो असा. खामगावात शाळा, शिकवणी आणि मोबाइल यांत अडकलेल्या मुलाला मैदानावर ओढून आणावे लागेल. पाणी भरून, कापूस वेचून शाळेत येणाऱ्या संग्रामपूरच्या मुलीची हालचाल कमी नाही. तिला पोटभर खाणे आणि विसावा हवा. पाळी सुरू झाली की मुलींचे मैदान सुटते, हा अनुभव तर सार्वत्रिक आहे. तेथे दादा कामाचा नाही, ताईच लागते. भरतीसाठी आठशे मीटर धावणाऱ्या मुलीमागे दोघी-तिघी निघाल्या, की घरचा विरोधही मावळू लागतो.

एक अडचण मात्र या रचनेच्या पोटातच आहे. साथिया एकोणिसाव्या वर्षी गटातून बाहेर पडतो, भरती झालेला दादा प्रशिक्षणाला जातो आणि ताईचे लग्न ठरते. गट मग विखुरतो. म्हणून आज मागे धावणाऱ्यांपैकी एक-दोघांना वर्षभर आधीच गटाची जबाबदारी द्यावी लागते. आखाड्यात वस्ताद गावाला गेला, तरी सकाळी माती उकरलेली असे. जुना पठ्ठा कुलूप काढीत असे.